मुलांचे लाड आणि पालकांचा नकार

संतती ही अल्लाहची देणगी आहे आणि अमानतही आहे. देणगी म्हणून तिच्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटतो. परंतु अमानतीचा हिशेब द्यावा लागणार आहे, याचे भान आपण ठेवतो का? प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या देखरेखीखालील माणसांविषयी त्याला विचारले जाईल, अशी शिकवण आदरणीय पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आलेली आहे.

आता आपल्या घरांतील चित्र पाहा. मूल जेवत नाही, म्हणून त्याच्यापुढे मोबाइल ठेवला जातो. ते रडते, म्हणून मोबाइल. पाहुणे आले असता गप्प बसावे, म्हणूनही मोबाइल. कोकणातील कितीतरी वडील आखाती देशांत नोकरीला असतात. आपण जवळ नाही ही खंत काही जण महागडा फोन पाठवून भरून काढू पाहतात. यामागे प्रेमच असते, यात शंका नाही. परंतु रडले की मिळते, हा धडा मूल फार लवकर शिकते. पुढे त्याला प्रतीक्षा सोसत नाही, 'नाही' हा शब्द सोसत नाही. रोजा म्हणजे हाताशी असलेली वस्तूही अल्लाहसाठी दूर ठेवणे. ज्याने लहानपणी घटकाभर थांबणे शिकले नाही, त्याला हा सब्र कोठून साधणार?

पैगंबरांचे (सल्ल.) आपल्या नातवंडांवरील प्रेम सर्वश्रुत आहे. नातू पाठीवर बसला म्हणून त्यांनी सजदा लांबवला. मात्र बालवयातील हजरत हसन (रजि.) यांनी सदक्याच्या खजुरांतील एक खजूर तोंडात घातला, तेव्हा त्यांनी तो तत्काळ टाकायला लावला आणि आपण सदका खात नाही, हे कारणही सांगितले. लहान आहे, एका खजुराने काय बिघडते, असे ते म्हणाले नाहीत. त्या नकारात राग नव्हता. नातवाच्या भल्याची काळजी होती.

त्यांच्या छत्राखाली वाढणारे बालक उमर बिन अबी सलमा (रजि.) यांचा हात जेवताना ताटात सर्वत्र फिरत असे. अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने जेव, आपल्या समोरचे खा, एवढेच पैगंबरांनी (सल्ल.) सांगितले. ती सवय त्यांना जन्मभर पुरली. वाचकहो, ही तरबियत दस्तरखानावर झाली. आज त्याच दस्तरखानावर मुलाची नजर पडद्यावर खिळलेली असेल, तर 'बिस्मिल्लाह' त्याच्या कानी कशी पडावी?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा. इशाच्या नमाजनंतर गप्पा मारत बसणे पैगंबरांना (सल्ल.) आवडत नसे. मध्यरात्रीपर्यंत खेळ पाहणारा मुलगा फजरला कसा उठणार?

मोबाइल हे साधन आहे. त्यावर कुरआनचे पठणही ऐकता येते. प्रश्न त्याची लगाम कोणाच्या हाती आहे, हा आहे. म्हणून जेवताना आणि इशानंतर घरातील सर्वांचे फोन बाजूला ठेवा. नकार देताना कारण सांगा, आणि एकदा दिलेला नकार रडण्यापुढे बदलू नका. अम्मीने नाही म्हटलेले दादीने देऊ नये. काढून घेतलेल्या मोबाइलच्या जागी आपला वेळ द्या. परदेशातील वडिलांनी फोनवरून रोज मुलाचा सबक ऐकला, तर तेच यंत्र दुरावा कमी करील.

हजरत लुकमान (अलै.) यांनी आपल्या पुत्राला केलेला उपदेश पवित्र कुरआनात जतन झाला आहे. त्यात एकेश्वरत्व, नमाज, सब्र आणि विनम्रता आहे. तो प्रेमळ पित्याने पुत्राजवळ बसून केलेला संवाद आहे. आपली मुले आज कोणाचे ऐकत आहेत, हे आपण स्वतःला विचारू या. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.