मार्कांमागची जुनी शाळा

लहानपणी सुट्टीत जालन्याला गेलो की चुलत भावंडांचे मार्क ऐकून मी मनात हसायचो. मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतला, त्यामुळे आपणच हुशार असं वाटायचं. यंदा मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी मराठवाड्यातल्या शाळांचा इतिहास वाचला आणि त्या हसण्याची लाज वाटली.

2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 81.5 टक्के होती, जालन्याची सुमारे 71.5. दोन्हीकडे मराठीच बोलतात. मग दहा टक्क्यांचं अंतर कुठून आलं?

दुष्काळ आणि गरिबी ही कारणं आहेतच. पण जुन्या राजवटींच्या शाळाही पाहायला हव्यात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं उभी केली आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यातलं पोर शिकलं, त्यातूनच पुढचे मास्तर तयार झाले.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथे 1884 पासून कारभाराची भाषा उर्दू होती. खालच्या वर्गांत मराठी चालायची, पण वरच्या वर्गांत उर्दू. आमच्याच शहरातलं उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झालं. परक्या इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण, हे धाडस मोठंच होतं. पण राज्यातल्या बहुसंख्य मुलांच्या घरी तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलत. मराठी मुलाला पुढे शिकायचं तर आधी भाषा ओलांडावी लागे. बरेचजण तिथेच थांबत. मग शिकलेले कमी, म्हणून मास्तर कमी, म्हणून पुढच्या पिढीतही शिकणारे कमी.

आमचे पणजोबा त्यातलेच. आजी सांगते, ते प्रार्थना मराठीत म्हणायचे, पण हिशेब उर्दूत लिहायचे आणि हायस्कूलचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला. 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनं औरंगाबादला कॉलेज काढलं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. म्हणजे उच्च शिक्षणाचं दार तिथे किती उशिरा उघडलं बघा!

पण इतिहास म्हणजे काही कपाळावरचा लेख नव्हे. त्याच निजामी मुलखातलं लातूर आज दहावी-बारावीच्या निकालांसाठी ओळखलं जातं. भरपूर सराव परीक्षा आणि मुलांच्या मागे लागणारे शिक्षक, असा हा 'लातूर पॅटर्न'. तो ज्या कॉलेजमुळे गाजला त्याचं नाव राजर्षी शाहू महाविद्यालय. कोल्हापूरच्या राजाचं नाव असं मराठवाड्यातल्या शिक्षणाशी जोडलं गेलं!

मित्रांनो, कुणाचे मार्क ऐकलेत तर एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या घरात पहिल्यांदा हायस्कूलला कोण गेलं? या नाताळात जालन्याला गेलो की मीही तेच विचारणार आहे. हसणार मात्र नाही.