गाडीची फिटनेस: तारीख बघा, गाडी तपासा, जवळचं केंद्र शोधा



आजचा संदेश पिकाचा नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचा आहे. संदेश लांब आहे. सवडीने वाचा आणि वाचताना गाडीचं आरसी बुक किंवा मोबाइलमधलं डिजिलॉकर जवळ ठेवा.

आपला माल नाशवंत. डाळिंब, द्राक्ष, टोमॅटो, भाजीपाला भरून पिकअप रात्री निघते आणि पहाटेच्या लिलावाला पोचायची असते. वाटेत तपासणी झाली, फिटनेस संपलेली निघाली आणि गाडी अडकली, तर दंड एकदाच भरायचा असतो, पण माल हौद्यातच मऊ पडतो. यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक न लागलेली गाडी घाटात कागद बघत नाही. म्हणून हा विषय कागदापुरता समजू नका.

*१) फिटनेस म्हणजे नेमकं काय?*

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे प्रत्येक ट्रान्सपोर्ट गाडीला, म्हणजे भाड्याने किंवा धंद्यासाठी माल अथवा माणसं वाहणाऱ्या गाडीला, योग्यता प्रमाणपत्र लागतं. आपण त्यालाच फिटनेस किंवा पासिंग म्हणतो. कायदा असं सांगतो की फिटनेस चालू नसेल तर त्या गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. नंबरप्लेट आहे, विमा आहे, पीयूसी आहे, तरी गाडी बिननोंदणीची समजली जाते. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड, पुन्हा सापडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना आहे.

*२) कोणत्या गाडीला किती मुदत?*

🚚 *पिकअप, छोटा हत्ती, टेम्पो, ट्रक (मालवाहू नोंद):*
नवीन गाडीला पहिली दोन वर्षं. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी. आठ वर्षांपुढे दरवर्षी.

उदाहरण घ्या. पिकअपची नोंद १० नोव्हेंबर २०२१ ची आहे. पहिली मुदत नोव्हेंबर २०२३ ला संपते. वेळेवर नूतनीकरण करत गेलात तर पुढच्या तारखा २०२५, २०२७ आणि २०२९. तिथे गाडीला आठ वर्षं पूर्ण होतात. मग दरवर्षी पासिंग. आठ वर्षं झाल्यावरही "दोन वर्षांनीच करायचं असतं" या समजुतीत राहिलं, की तारीख हुकलीच म्हणून समजा.

🚜 *शेतीचा ट्रॅक्टर:*
नियमात शेतीचा ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्ट धरला आहे. स्वतःच्या शेतीसाठी वापरत असाल तर दर दोन वर्षांचं पासिंग नाही. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपायच्या आधी गाडी दाखवून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. मोटारसायकल आणि घरच्या जीपलाही हाच १५ वर्षांचा हिशोब आहे.

⚠️ ट्रॉलीची नोंद वेगळी असते, तिला स्वतःचा नंबर लागतो. आणि भाडं घेऊन दुसऱ्याचा माल, मुरूम, विटा ओढायच्या असतील तर तो शेतीचा वापर राहत नाही. तशी व्यावसायिक नोंद आरटीओत करून घ्यावी लागते आणि मग फिटनेसही आलीच.

*३) बांधावर ऐकू येणारे गैरसमज*

❌ "माझ्या गाडीला परमिट लागत नाही, मग फिटनेस कशाला?"
✅ एकूण वजन (गाडी अधिक माल) ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटातून सूट आहे. फिटनेसमधून नाही.

❌ "विमा भरलाय, बाकी काय बघायचं नाही."
✅ अपघात झाला की विमा कंपनी आधी तीन कागद मागते: लायसन्स, परमिट आणि फिटनेस. फिटनेस नसेल तर दावा अडतो. समोरच्याला भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करण्याचे आदेश कोर्टाने दिल्याची प्रकरणं आहेत. ती रक्कम जमीन विकून भरण्याइतकी मोठी असू शकते.

❌ "पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारातच."
✅ आपल्याकडे शेतकऱ्याची गाडी निव्वळ वयामुळे आपोआप भंगारात जात नाही. चाचणीत पास होते का, हा प्रश्न असतो. मात्र वय वाढलं की शुल्क वाढतं. तेव्हा दुरुस्ती अधिक शुल्क असा हिशोब एकदा मांडून बघा.

❌ "एजंट गाडी न नेताच कागद आणून देतो."
✅ असा कागद आणलात तर ब्रेक कोणीच तपासलेला नसतो. त्या गाडीत बसणार तुमचा मुलगा किंवा तुमचा ड्रायव्हर. गाडी घेऊन जा.

*४) केंद्रावर काय तपासतात?*

तपासणी दोन प्रकारे होते. काही ठिकाणी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक तपासतात. हायकोर्टाच्या आदेशानंतर आपल्या राज्यात ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर गाडी पळवून घेतली जाते. दुसरीकडे आता स्वयंचलित चाचणी केंद्रं सुरू होत आहेत. त्यांचे नियम केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये काढले. तिथे माप यंत्र घेतं:

🔹 *ब्रेक:* चाकं रोलरवर चढवून प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद वेगळी मोजतात. डावं-उजवं सारखं हवं. हँडब्रेकही तपासतात.
🔹 *स्टिअरिंग आणि पुढची चाकं:* सांध्यातला खेळ, चाक एका बाजूला ओढतं का.
🔹 *सस्पेन्शन:* पाटे, शॉकअप.
🔹 *हेडलाइट:* उजेड किती आणि झोत कुठे पडतो.
🔹 *धूर आणि हॉर्नचा आवाज.*
🔹 *स्पीडोमीटर,* आणि गाडीला वेग नियंत्रक असेल तर तो.
🔹 *नजरेने:* टायर, आरसे, वायपर, काचा, सीटबेल्ट, चॅसी नंबर, हौदा, रिफ्लेक्टर पट्ट्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वयंचलित केंद्र चालवणाऱ्याला तिथे दुरुस्ती करायला किंवा पार्ट विकायला नियमाने मनाई आहे. "नापास झाली, आमच्याकडूनच पार्ट घ्या" असं कोणी म्हणालं तर तक्रार करा.

*५) घरच्या घरी तपासणी (अर्धा तास)*

तारखेच्या आधी पंधरा दिवस हे करा. नापास होणाऱ्या बऱ्याच गोष्टी खळ्यातच सापडतात.

☑️ *ब्रेक:* मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे बघून, हळू वेगात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली तर चाकांचे ब्रेक असमान आहेत. एखादा लायनर झिजलाय किंवा व्हील सिलिंडर गळतोय. चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचा ओलावा बघा. पेडल मऊ लागून खाली जात असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा गळती आहे. त्याच दिवशी मेकॅनिककडे जा.

☑️ *टायर:* चारचाकीला नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी नको. टायरच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आतली कडा जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच जाईल.

☑️ *पाटे:* तुटलेला किंवा सरकलेला पाटा आहे का? जादा माल भरायला जादा पाटे टाकले असतील तर ते तपासणीत उघडं पडतं.

☑️ *स्टिअरिंग:* गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडं हलवा. चाक न हलता स्टिअरिंगच फिरत राहिलं तर टाय रॉडचे एंड बघायला सांगा.

☑️ *लाइट:* संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा. दोन्ही झोत एका उंचीवर हवेत, आणि डिपर मारला की खाली यायला हवेत. ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि नंबरप्लेटवरचा दिवा घरच्या कोणाला तरी मागे उभं करून बघा.

☑️ *धूर:* काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर साफ करा, मग नोझल दाखवा.

☑️ *रिफ्लेक्टर:* पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी पट्टी. माती बसली असेल तर धुवा, सोलली असेल तर नवीन लावा.

☑️ *हौदा:* मूळ मापापेक्षा उंच केलेली जाळी किंवा बाहेर काढलेला फाळका असेल तर गाडी नापास होऊ शकते. आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीत बदल करता येत नाही.

🚜 ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमच्यावर दर दोन वर्षांचं पासिंग नसलं तरी रिफ्लेक्टरचं काम तुमचंच आहे. ऊस भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर बंद पडली, मागे दिवा नाही, पट्टी नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तो बहुतेक वेळा आपल्याच शेजारच्या गावचा असतो. लाल पट्टीचा खर्च एका वेळच्या डिझेलपेक्षा कमी आहे.

*६) केंद्र कसं शोधायचं, अर्ज कसा करायचा?*

*पायरी १.* आरसीवर "फिटनेस अपटू" ही तारीख बघा. एमपरिवहन ॲप किंवा डिजिलॉकरमध्येही ती दिसते.

*पायरी २.* आपलं कार्यालय ओळखा. काही जिल्ह्यांत एकापेक्षा जास्त कार्यालयं असतात. सोलापूर जिल्ह्यात सोलापूर (एमएच १३) आणि अकलूज (एमएच ४५). नगर जिल्ह्यात अहिल्यानगर (एमएच १६) आणि श्रीरामपूर (एमएच १७). नाशिक जिल्ह्यात नाशिक (एमएच १५) आणि मालेगाव (एमएच ४१). सातारा जिल्ह्यात सातारा (एमएच ११) आणि कराड (एमएच ५०). पुणे जिल्ह्यात पुणे (एमएच १२), पिंपरी-चिंचवड (एमएच १४) आणि बारामती (एमएच ४२).

*पायरी ३.* परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर वाहन सेवांमध्ये जा. गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे पाच अंक टाका. फिटनेस नूतनीकरण निवडा, शुल्क ऑनलाइन भरा, पावती जपून ठेवा.

*पायरी ४.* अपॉइंटमेंट घ्या. तिथे उपलब्ध केंद्र आणि तारीख दिसते. जिथे स्वयंचलित केंद्र सुरू झालंय तिथे तपासणी तिकडे होते. केंद्राचा पत्ता नीट वाचा. ट्रॅक किंवा केंद्र पुष्कळदा आरटीओच्या इमारतीत नसतं, गावाबाहेर असतं. पहाटे निघून चुकीच्या ठिकाणी पोचलात तर दिवस वाया.

*पायरी ५.* सोबत न्यायचे कागद: आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, कर भरल्याची पावती, जुनी फिटनेस, लागू असेल तर परमिट, अपॉइंटमेंटची पावती. जुने ई-चलान बाकी असतील तर आधी भरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओची कामं अडतात.

*पायरी ६.* गाडी धुऊन, रिकामी न्या. चॅसी नंबरवरचा चिखल-गंज घासून काढा, तो वाचता आला पाहिजे.

*नापास झाली तर?* घाबरू नका. कोणत्या मुद्द्यावर नापास झाली याचा अहवाल मागून घ्या. तेवढंच काम करून, पुन्हा शुल्क भरून फेरचाचणीला आणता येतं. किती दिवसांत आणायची ते तिथेच विचारून अहवालावर लिहून घ्या. निकाल पटला नाही तर अपिलाची सोयही नियमात आहे.

*७) केव्हा करायचं?*

तारखेच्या महिनाभर आधी. हंगाम तोंडावर आला की सगळ्यांनाच अपॉइंटमेंट हवी असते आणि तारीख लांब मिळते. पावसाळ्यात गाडीला काम कमी असतं, तेव्हा दुरुस्ती आणि पासिंग दोन्ही उरकून घ्या. मुदत उलटल्यावर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. त्यावरून आपल्या राज्यात आंदोलनं आणि कोर्टकज्जे झाले आहेत. त्या वादाच्या भरवशावर तारीख ओलांडू नका.

*🚨 फसवणुकीपासून सावध:* "तुमच्या गाडीवर चलान आहे" असा व्हॉट्सॲप मेसेज आणि सोबत एपीके फाइल आली तर उघडू नका. ती फाइल मोबाइल ताब्यात घेते आणि बँक खातं रिकामं होतं. चलान फक्त सरकारी संकेतस्थळावर किंवा प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपमध्ये तपासा. ओटीपी कोणालाही सांगू नका.

*आजचं काम, तीनच गोष्टी:*
1️⃣ आरसी उघडून फिटनेसची तारीख बघा.
2️⃣ त्या तारखेच्या एक महिना आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा.
3️⃣ कंपनीच्या संकलन केंद्रावर माल आणणाऱ्या गाडीचा नंबर आणि फिटनेसची तारीख या संदेशाला उत्तर म्हणून पाठवा. मुदत जवळ आलेल्या सभासदांना आम्ही आठवण करू. एका भागातल्या चार-पाच गाड्या असतील तर एकाच दिवशी अपॉइंटमेंट घेऊन सगळे मिळून जाता येईल.

अर्ज भरताना अडचण आली तर आरसी घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, बसून भरून देऊ. हा संदेश ज्यांच्याकडे गाडी आहे पण स्मार्टफोन नाही, अशा शेजाऱ्याला वाचून दाखवा.

माल वेळेवर पोचू द्या, आणि माल नेणारा माणूस रात्री घरी येऊ द्या.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी