पंचविशीतला आरोग्य विमा : लागणीची तारीख महत्त्वाची



आजवर या पानावर आम्ही बेणे, खते, पाचट आणि खोडवा यांविषयी लिहीत आलो. या वेळचा विषय निराळा आहे, परंतु तो उसाच्या बिलाशीच निगडित आहे. गट कार्यालयात बिलाची चौकशी करायला येणाऱ्यांत दवाखान्यासाठी पैसे हवेत म्हणून येणारे पुष्कळ असतात. कुणाचा विशी-पंचविशीतला मुलगा मोटारसायकलवरून पडलेला असतो, कुणाच्या मुलीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन निघालेले असते. बिलाला अजून अवकाश असतो आणि दवाखाना काही थांबत नाही. मग सोने मोडते, नाहीतर हातउसने निघते. विम्याचे विचारले की उत्तर ठरलेले : “तरना पोऱ्या शे, त्याले काय व्हई?”

ही समजूत उलटी आहे. पोरगा धडधाकट आहे म्हणूनच विमा आता घ्यायचा. कसे ते पाहू.

लागण झाली की आपण गट कार्यालयात नोंद करतो. तोडणीचा क्रम त्या नोंदीच्या तारखेवरून लागतो. शेजाऱ्याचा ऊस कितीही जोमदार असला तरी नोंद उशिराची असेल तर टोळी उशिराच येते. आरोग्य विम्याचेही असेच आहे. पॉलिसी घेतल्याबरोबर सगळे आजार धरले जात नाहीत. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मोतीबिंदू अशा ठराविक आजारांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवता येते. ही मर्यादा पूर्वी चार वर्षे होती, २०२४ साली ती तीनवर आली. आपल्याकडचा उन्हाळा, दिवसभर उन्हात काम आणि पाणी कमी, यात मुतखड्याचा त्रास तरण्या पोरांनाही होतो. कळ आल्यावर पॉलिसी काढली तर त्या खड्याचा खर्च खिशातूनच. बाविसाव्या वर्षी काढलेली असेल तर पंचविशीत बहुतेक सगळ्या मुदती सरलेल्या असतात. हप्ताही वयाप्रमाणे वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पुष्कळ पॉलिसींत बाळंतपण धरलेलेच नसते. धरलेले असेल तर त्यालाही थांबण्याची मुदत असते. तेव्हा हे बघणे लग्नाआधीचे काम आहे, नंतरचे नव्हे.

परंतु खासगी पॉलिसीकडे वळण्याआधी घरात काय आहे ते पाहावे. महाराष्ट्र शासनाची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत आपला धुळे जिल्हा होता. जळगावकरांना ती २०१३ च्या अखेरीस मिळाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळे-केशरी रेशन कार्ड लागे. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली आणि पांढरे कार्डवालेही आत आले. हप्ता भरायचा नाही. दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशन कार्ड व आधार कार्ड न्यायचे. मुलाचे नाव रेशन कार्डावर आहे की नाही, ते मात्र आजच उघडून पाहा. नवी सून आलेली असते, नाव माहेरच्याच कार्डावर राहते, आणि नेमके अडते तेव्हा धावाधाव होते.

मग खासगी विमा कशाला, असे कुणी म्हणेल. योग्य प्रश्न आहे. ही योजना ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या दवाखान्यांतच चालते. पाच लाख सगळ्या कुटुंबात मिळून असतात. म्हाताऱ्या वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला त्यातले बरेच गेले तर उरलेल्यात बाकीच्यांनी भागवायचे. शिवाय आपली पोरे सुरतेला कामाला जातात. राज्याची योजना तिथे आपोआप चालेल असे धरू नये. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाचे आयुष्मान कार्ड मात्र परराज्यातही चालते. आमचे मत असे की हातात पैसा बेताचा असेल तर ही योजना हाच पाया धरावा आणि झेपेल तेवढीच छोटी पॉलिसी वर चढवावी. कर्ज काढून मोठी पॉलिसी घेऊ नये.

मुलगा नोकरीत असेल तर पगारपत्रक बघा. पगार २१ हजारांपर्यंत असून कारखान्याला कामगार विमा लागू असेल तर पगाराचा पाऊण टक्का कापला जातो आणि मुलाला व त्याच्या घरच्यांना त्या दवाखान्याचा हक्क मिळतो. मोठ्या कंपन्या सामुदायिक पॉलिसी देतात. ती चांगलीच, पण नोकरी सुटली की तीही सुटते. पस्तिशीत नोकरी गेली आणि स्वतःची पॉलिसी नाही, तर नोंद पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ येऊ शकते! वडिलांच्या पॉलिसीत असलेल्या मुलांनीही वय पाहावे. पंचविशीनंतर मुलगा सहसा त्यातून बाहेर पडतो.

आता पॉलिसी वाचायची कशी? केळीवाल्यांना हे समजावायला नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमानाची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. बागेकडे बोट दाखवून भागत नाही. इथेही डॉक्टरांचे बिल किती आले यापेक्षा करारात काय लिहिले आहे ते चालते. सगळ्यांत जास्त फसगत होते ती खोलीच्या भाड्यात. समजा ‘आरोग्य संजीवनी’ ही २०२० पासूनची एकाच नमुन्याची, सर्व कंपन्यांकडे मिळणारी पॉलिसी २ लाखांची घेतली. तीत खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ४ हजार. पाहुण्यांना बरे दिसावे म्हणून ६ हजारांची खोली पाच दिवस घेतली. खोलीचे ३० हजार, डॉक्टर व ऑपरेशनचे ६० हजार, औषधे-तपासण्या ३० हजार. एकूण १ लाख २० हजार. कंपनी खोलीचे २० हजार तर धरतेच, पण डॉक्टर व ऑपरेशनचेही त्याच प्रमाणात, दोन तृतीयांश म्हणजे ४० हजारच धरते. औषधे पूर्ण. झाले ९० हजार. त्यातून या पॉलिसीच्या अटीप्रमाणे ५ टक्के आपला वाटा वजा, हाती ८५,५००. खिशातून ३४,५०० गेले. ४ हजारांची खोली घेतली असती तर याच उपचाराचे बिल १ लाख १० हजार होऊन खिशातून फक्त ५,५०० गेले असते. आकडे उदाहरणादाखल आहेत, हिशेब मात्र असाच होतो. खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसी मिळतात, त्यांचा हप्ता जास्त असतो.

जवळचा कोणता दवाखाना कंपनीच्या यादीत आहे तेही विचारावे. मुंबई-पुण्याची यादी घेऊन काय करणार? जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर यांत किती नावे आहेत ते पाहावे.

अर्ज एजंटाने भरला तरी सही आपली असते. दमा, साखर, जुने ऑपरेशन, सगळे लिहावे. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. तोही लपवू नये. “नाही लिहिले तरी चालते” असे सांगणारा एजंट दाव्याच्या वेळी भेटत नाही, बरं का. खरे लिहून सलग पाच वर्षे पॉलिसी चालवली की, सिद्ध झालेली लबाडी सोडता, माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हाती आल्यावर अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांत परत करता येते. दाव्यात अन्याय झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही.

व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. तेव्हा जुन्या पावतीवरून हप्ता मोजू नका. आणि २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेत कापला जातो म्हणून निर्धास्त राहू नका. तो अपघाती मृत्यू व अपंगत्वाचा आहे, दवाखान्याचे बिल तो देत नाही.

शेवटी तारखेविषयी. पॉलिसी दरवर्षी त्याच तारखेला नूतन करावी लागते. जूनमध्ये काढली तर दरवर्षी बी-बियाण्याच्या ओढाताणीत हप्ता येणार. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, परंतु त्या मधल्या दिवसांतला आजार धरला जात नाही, आणि तीही चुकली तर आधी सरलेल्या मुदतींवर पाणी पडते. म्हणून हंगामात उसाचे बिल खात्यावर जमा होते त्या महिन्यात पॉलिसी काढावी. ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी गट कार्यालयात येताना ती सोबत आणावी. खोलीभाडे, थांबण्याची मुदत आणि आपला वाटा, ही तीन कलमे आम्ही काढून दाखवू.