वेदीखाली काय आहे?



दरवर्षी 9 नोव्हेंबरला आपण रोममधील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण पाळतो. एका इमारतीचा सण कशासाठी, असे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले विचारतात. हे महामंदिर म्हणजे पोपमहोदयांचे स्वतःचे कॅथेड्रल, म्हणून ते सर्व चर्चेसची आई. पण या आईच्या पायाखाली उत्खननात काय सापडले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथे रोमन घोडदळाची छावणी होती. हे पथक सम्राट कॉन्स्टंटाईनच्या शत्रूच्या बाजूने लढले होते. 312 साली विजय मिळाल्यावर कॉन्स्टंटाईनने छावणी पाडली आणि ती जागा ख्रिस्तसभेला दिली.

छावणी निघाली तर आपल्याला काही वाटत नाही. पण दुसऱ्यांचे देवस्थान निघाले तर? "तुमच्या चर्चखाली आमचे मंदिर होते म्हणतात, खरे का?" असे शेजारी सहज विचारतात. आपण एकतर रागावतो किंवा विषय बदलतो. दोन्ही बरे नव्हे, म्हणून आज या विषयाचा थोडा अभ्यास करू.

रोममध्येच संत क्लेमेंट यांचे जुने चर्च आहे. तेथील आयरिश डॉमिनिकन धर्मगुरू फादर जोसेफ मुलूली यांनी 1857 मध्ये फरशीखाली खणायला सुरुवात केली. वरचे चर्च बाराव्या शतकातले. त्याखाली चौथ्या शतकातले आणखी एक चर्च निघाले, भिंतींवरच्या चित्रांसह! आणखी खाली गेल्यावर पहिल्या शतकातील रोमन इमारती लागल्या आणि त्यांतील एकीत मिथ्र देवाचे देवघर. मधोमध बैल मारणाऱ्या मिथ्राचे शिल्प कोरलेली वेदी, दोन्ही बाजूंना भक्तांना बसायला दगडी ओटे. चौथ्या शतकातील चर्चचा वेदीमागचा अर्धगोल भाग नेमका या देवघरावर उभारलेला आहे. तळघर पाण्याने भरत असे. पुढे 1912 ते 1914 या काळात सुमारे सातशे मीटरचा बोगदा खणून ते पाणी काढून दिले, तेव्हा कुठे माणसांना नीट खाली उतरता आले. आजही तेथे जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हे सारे एका धर्मगुरूने स्वतःच्या चर्चखाली खणून काढले, ते झाकले नाही, आणि आज कोणीही जाऊन पाहू शकतो.

जेरुसलेमची हकिकत उलटी आहे. प्रभूच्या कबरीची जागा म्हणून ख्रिस्ती लोक ज्या ठिकाणाला मान देत होते, त्यावर व्हीनस देवीचे मंदिर उभे राहिले, असे बिशप युसेबियस लिहितात. कॉन्स्टंटाईनने ते हटवून चर्च बांधले आणि 335 मध्ये त्याचे समर्पण झाले. या चर्चची फरशी बदलण्याच्या निमित्ताने 2022 पासून रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या पथकाने तेथे उत्खनन केले. खाली जुनी दगडखाण निघाली. खाण बंद पडल्यावर तिच्यात माती भरून, बुटक्या भिंती घालून लागवड केलेली होती. मातीच्या तपासणीत ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींच्या खुणा मिळाल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. प्रभूला क्रुसावर दिले त्या ठिकाणी एक बाग होती, असे योहान 19:41 मध्ये आहे. कबर हीच, असे यावरून सिद्ध होत नाही. तरी शुभवर्तमानातील बागेचा उल्लेख आता आपण जरा थांबून वाचतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. येथे मात्र जरा जड मनाने लिहावे लागते. मुंबईत बोरिवलीला मंडपेश्वर ही प्राचीन शैव लेणी आहेत. 1534 मध्ये वसईचा प्रदेश पोर्तुगिजांच्या हाती गेला. पुढे फ्रान्सिस्कन फादर अंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात या लेण्याचे चर्च झाले. एका कोरीव शिल्पाच्या जागी तर मोठा क्रूस कोरला गेला. तो आजही भिंतीवर दिसतो, आणि वरच्या बाजूला जुन्या ख्रिस्ती इमारतीचे पडके अवशेष आहेत. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. आज लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत आणि तेथे शिवलिंगाची पूजा होते. गोव्यात कुठ्ठाळीच्या मंगेशाचे लिंग भक्तांनी 1560 मध्ये नदीपलीकडे प्रियोळला नेले, ते याच भीतीपोटी.

त्या काळाच्या मिशनऱ्यांनी गोरगरिबांची सेवाही केली, हे खरे. पण दुसऱ्याचे श्रद्धास्थान घेतले ते घेतले. पोप ग्रेगरी पहिले यांनी 601 मध्ये इंग्लंडला निघालेल्या धर्मगुरूंना मंदिरे पाडू नका, मूर्ती काढून त्यांचेच चर्च करा, असे कळवले होते. पाडण्यापेक्षा हे सौम्य, पण त्या मूर्तीपुढे काल नवस बोललेल्या म्हातारीला ते सौम्य वाटले असेल का, हा विचार आमच्या मनातून जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी अन्य धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करायला सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी संत पेत्र महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या चुकांबद्दल देवाची क्षमा मागितली. इतर संस्कृती व धर्म यांचा अनादर हाही त्या चुकांत मोजला होता. तेव्हा शेजाऱ्याने विचारले, तर मंडपेश्वराची गोष्ट आपणच त्याला सांगावी.

आपल्या परभणी जिल्ह्यात चारठाणा, धारासूर येथील जुनी मंदिरे आणि जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी आपण पाहिली आहेत. अशा मुलखात घराचा पाया किंवा विहीर खणताना कोरीव दगड, मूर्ती, नाणी निघू शकतात. तसे झाल्यास काम थांबवा, वस्तू हलवू नका, धुऊ नका. तहसीलदारांना लगेच कळवा. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. आणि मूर्ती असेल, मग ती कोणत्याही धर्माची असो, तर अधिकारी येईपर्यंत तिच्यावर एक स्वच्छ कापड घालून ठेवा.