तेवीस वर्षांनी

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या सैनिकास शौर्यपदक मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यासाठी तो पराक्रम कोणीतरी पाहिलेला असावा लागतो, हे सहसा ध्यानात येत नाही. पायदळातील सैनिकाच्या उजव्या-डाव्या हातास त्याचे सोबती असतात. ते पाहिलेले सांगतात, अधिकारी ते लिहून वर कळवितात आणि त्यावरून निवाडा होतो. एकच आसन असलेल्या लढाऊ विमानातील वैमानिक मात्र आकाशात एकटा असतो. तो परतला नाही, तर त्याची हकीकतही त्याच्याबरोबरच नाहीशी होते. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांच्या बाबतीत असेच घडले.

देवय्या हे कर्नाटकातील कोडगू प्रांताचे. या डोंगराळ प्रांताने देशाला अनेक नामांकित सेनानी दिले आहेत. देवय्यांचा जन्म १९३२ साली झाला व १९५४ साली ते वायुदलात दाखल झाले. पुढे ते नव्या वैमानिकांना उड्डाणाचे शिक्षण देऊ लागले. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध जुंपले, तेव्हा पंजाबातील आदमपूर येथे असलेल्या पहिल्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये त्यांची नेमणूक झाली.

६ सप्टेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटच्या विमानतळावर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली आपली अनेक विमाने जाळली. त्याला दुसऱ्याच दिवशी पहाटे उत्तर द्यावयाचे ठरले. लक्ष्य होते सरगोधा, म्हणजे पाकिस्तानी वायुदलाचे सर्वांत मोठे ठाणे. विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखाली बारा मिस्टियर विमाने जावयाची होती. देवय्यांचे नाव या बारांत नव्हते. एखादे विमान गळाले तर त्याच्या जागी जाण्यासाठी त्यांना राखीव ठेवले होते. ऐन वेळी तेही या मोहिमेत सामील झाले.

मिस्टियर हे फ्रान्समध्ये बनलेले विमान होते. सरगोध्याचा पल्ला त्याच्या दृष्टीने लांबचा. इंधन जाऊन-येऊन जेमतेम पुरेल इतकेच. त्यामुळे शत्रूचे विमान आडवे आले, तरी त्याच्याशी झुंज घेत बसण्याची सवड कोणालाच नव्हती. हल्ला करावा आणि जमिनीलगत उडत थेट घर गाठावे, एवढेच शक्य होते.

हल्ला झाला आणि विमाने परतीला लागली. इतक्यात पाकिस्तानचे स्टारफायटर देवय्यांच्या विमानावर चालून आले. हे अमेरिकन बनावटीचे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकत असे. मिस्टियरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नसे. स्टारफायटरचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी प्रथम क्षेपणास्त्र सोडले. ते चुकले. मग त्यांनी तोफ डागली व मिस्टियरला मार बसला. आता हे विमान संपले, असे वाटून ते दुसऱ्या विमानांच्या शोधात वळले.

परंतु देवय्या संपले नव्हते. जखमी विमान वळवून त्यांनी स्टारफायटरला गाठले. जमिनीलगत कमी वेगात गिरक्या घेण्याच्या झुंजीत जड मानले गेलेले मिस्टियर अधिक चपळ ठरले. तेथे ध्वनीच्या दुप्पट वेगाचा काही उपयोग नव्हता. अर्थात विमान चपळ असून भागत नाही, चालविणाराही तसाच लागतो. देवय्यांच्या तोफेचे गोळे स्टारफायटरला लागले आणि अमजद हुसेन यांना हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी घ्यावी लागली. ते वाचले. (पुढे १९७१ च्या युद्धात त्यांचे विमान पुन्हा पडले व ते भारतात युद्धकैदी झाले, पण ती कथा निराळी.) देवय्यांचे विमानही कोसळले. त्यातून ते वाचले नाहीत.

आदमपूरला बाकीची सर्व विमाने उतरली. देवय्यांचे काय झाले, हे कोणासही सांगता येईना, कारण कोणी ते पाहिलेच नव्हते. कागदोपत्री त्यांची नोंद 'बेपत्ता' अशी झाली. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीला आणि मुलींना या एका शब्दापलीकडे हाती लागण्यासारखे काही नव्हते.

अशी चौदा वर्षे गेली. १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचे १९६५ च्या हवाई युद्धावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते पाकिस्तानी वायुदलाकडून मिळालेल्या माहितीवर आधारलेले होते. त्यात त्या सकाळी एका मिस्टियरशी झालेल्या झुंजीत स्टारफायटर गमावल्याचा उल्लेख होता. भारतात तो वाचणाऱ्यांच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहिला : हे मिस्टियर कोणाचे? परतलेल्यांपैकी कोणीही स्टारफायटर पाडल्याचे सांगितले नव्हते. त्या पहाटेच्या तुकडीतून न परतलेले विमान एकच होते.

हकीकतीचा अर्धा भाग एका देशात आणि अर्धा दुसऱ्या देशात पडून होता. दोन्ही अर्धे जुळताच चित्र पूर्ण झाले. मोहिमेचे नेते तनेजा यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला. तरीही सरकारी कागदपत्रांना आणखी काही वर्षे लागलीच. अखेर १९८८ साली देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. परमवीरचक्राच्या खालोखालचे हे पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. भारतीय वैमानिकाच्या शौर्याची ही साक्ष मुळात शत्रूपक्षाकडून आली होती, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

पुढे पाकिस्तानातील एका निवृत्त वायुदल अधिकाऱ्याने त्या भागातील गावकऱ्यांकडे चौकशी केली. विमान पडले तेथून जवळच देवय्यांचा देह गावकऱ्यांना सापडला होता आणि त्यांनीच तो शेतात पुरला होता.