घरून क्लेमचं काम करायचंय? आधी गॅरेजात जा

अगं, तू विचारलंस ते काम खरंच आहे. विम्याचे क्लेम कॉम्प्युटरवर तपासायचे, नुकसान किती झालं ते बघायचं, पॉलिसीप्रमाणे त्यातलं किती द्यायचं ते ठरवायचं. हे जळगावात बसून होतं आणि धुळ्यात बसूनही होतं. मी तेच करते. अमेरिकेत या माणसाला डेस्क अ‍ॅडजस्टर म्हणतात, पण त्या नावाने आपल्याकडच्या जाहिराती शोधत बसू नकोस, फारसं हाती लागणार नाही. क्लेम्स एक्झिक्युटिव्ह, क्लेम प्रोसेसर, मोटार क्लेम्स, दवाखान्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीएमधला मेडिकल ऑफिसर, अशा नावांनी शोध.

पुण्याला एकटीने राहायला घरचे तयार नाहीत म्हणून तू इकडे वळते आहेस, हे मला कळतं. तरीही मोठी बहीण म्हणून आधीच सांगते: पहिल्या दिवसापासून घरून काम देणारी नोकरी शोधू नकोस, आणि मिळाली तरी घेऊ नकोस. निदान एक वर्ष मोडलेल्या गाड्या, गॅरेजची बिलं आणि नुकसान झालेली माणसं समोरासमोर बघ. मग खुशाल घरी टेबल मांड.

कारण फोटोत सगळं दिसत नाही. फोटोत बंपर फुटलेला दिसतो. त्याच्यामागचा रेडिएटर सपोर्ट वाकलाय का, हेडलाइटचं ब्रॅकेट तुटलंय का, जुना गंज कुठे संपतो आणि नवा मार कुठे सुरू होतो, हे ज्याने उघडलेली गाडी पाहिली आहे त्यालाच फोटोवरून ओळखता येतं. आता बऱ्याच ठिकाणी गॅरेजवाला मोबाइलवर लाइव्ह व्हिडिओ दाखवतो आणि आपण इथून सांगतो, ‘बोनेट उघडा, जरा खालून दाखवा, चेसिस नंबरवर कॅमेरा न्या.’ काय दाखवायला सांगायचं हेच माहीत नसेल, तर तो दाखवेल तेवढंच तू बघशील. आणि तू तर धुळ्याची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तुझ्या गावापाशी एकमेकांना छेदतात. ट्रक, पिकअप, बस, मोटारी, सगळ्यांची दुरुस्ती तुझ्या दारात चालते. शिकायला याहून चांगली जागा कुठली शोधतेस?

तुझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, तो इथे फार कामाचा आहे. मोटारीचं ५० हजार किंवा त्याहून जास्त नुकसान असेल, तर लायसन्स असलेला सर्व्हेअर लागतो; मोटारीशिवाय इतर नुकसानीला ही मर्यादा एक लाखाची. ते लायसन्स विमा नियामक इर्डाई देते, आणि त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा चालतो. सर्व्हेअरांची आयआयआयएसएलए नावाची संस्था आहे, तिच्याकडे विद्यार्थी सभासद म्हणून नाव नोंदवायचं, लायसन्स असलेल्या सर्व्हेअरच्या हाताखाली बारा महिने प्रत्यक्ष काम करायचं आणि परीक्षा द्यायची. परीक्षा मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया घेते. मी म्हणते ते एक वर्ष म्हणजे हेच. या वर्षात हाती पैसे थोडे येतात, कधी कधी नुसता पेट्रोलचा खर्च सुटतो. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे चौथ्या महिन्यात ‘सोड ते आणि बँकेच्या परीक्षा दे’ सुरू होणार नाही. लायसन्स मिळाल्यावर कंपनीतली नोकरी सुटली तरी स्वतःची प्रॅक्टिस करता येते. मुलीच्या हातात ही गोष्ट असावी असं मला फार मनापासून वाटतं.

हिशेब कसा चालतो ते एका उदाहरणाने बघ. साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली मोटार आहे, साधी पॉलिसी आहे. गॅरेजचं एस्टिमेट २० हजारांचं: प्लॅस्टिकचा बंपर ४ हजार, पत्र्याचा दरवाजा ८ हजार, काच ५ हजार, मजुरी ३ हजार. प्लॅस्टिक आणि रबरावर घसारा निम्मा, म्हणून बंपरचे २ हजार. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांना २५ टक्के, म्हणजे दरवाजाचे ६ हजार. काचेला घसारा नाही. मजुरी पूर्ण. झाले १६ हजार. त्यातून मालकाने सोसायचे सक्तीचे एक हजार वजा केले की १५ हजार द्यायचे (जीएसटी मी सोपं व्हावं म्हणून बाजूला ठेवला). झिरो डेप पॉलिसी असेल तर घसारा कापायचा नाही. आता मालक फोनवर म्हणतो, ‘बिल वीसचं आणि तुम्ही पंधराच देता, पाच खाल्ले कोणी?’ त्याला हा हिशेब एकेक करून समजेल असा सांगता आला पाहिजे. निम्मं काम हे सांगणंच आहे.

इथे आपल्या बोलीचा उपयोग होतो. साक्री-शिंदखेड्याकडचा शेतकरी पिकअपचा क्लेम घेऊन बोलतो तेव्हा कंपनीची हिंदी ऐकून तो आखडतो, विचारलं तेवढंच सांगतो. त्याला ‘भाऊ, काय व्हयनं?’ एवढं विचार. गाडी कोण चालवत होतं, कुठे वळली, मागे माल काय होता, सगळं सरळ सांगेल. अहिराणी बोलायची लाज तुला कॉलेजात वाटली असेल, कामात वाटू देऊ नकोस.

पिकअपवरून आठवलं. आपल्या भागात साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू पिकअप चालवणारे पुष्कळ. पूर्वी ‘ट्रान्स्पोर्टची नोंद नाही’ या कारणावर असे क्लेम नाकारले जायचे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहतुकीचं वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. हे ज्याने वाचलं नाही तो टेबलावर बसून आजही एखाद्याचा न्याय्य क्लेम नाकारेल. म्हणून निकाल वाचायची सवय लाव. ग्राहक आयोगांचे, सुप्रीम कोर्टाचे. कंपनीचं ट्रेनिंग जे शिकवत नाही ते तिथे सापडतं.

तुझ्या बीएचएमएस झालेल्या मावसबहिणीलाही हे वाचायला दे. तिचा रस्ता वेगळा आहे. दवाखान्याचे क्लेम टीपीए नावाच्या कंपन्या हाताळतात, आणि तिथे बीएचएमएस, बीएएमएस डॉक्टरांना घेतात, कारण डिस्चार्ज समरी, लॅबचे रिपोर्ट आणि बिल एकमेकांशी जुळतात का हे डॉक्टरच बघू शकतो. काम वेगाचं आहे. २०२४ पासून कॅशलेसच्या मंजुरीची विनंती आली की तासाभरात उत्तर द्यावं लागतं, आणि घरी सोडताना शेवटची मंजुरी तीन तासांत. पलीकडे कुणाचा तरी बाप खाटेवर बसून असतो आणि मुलगा बिलिंगच्या खिडकीपाशी उभा असतो. ज्याला हे विसरायला होतं त्याने या कामात येऊ नये.

केळीच्या विम्याचंही तू विचारलं होतंस. रावेर, यावल, चोपड्याकडे तो फळपीक विमा हवामानावर चालतो. थंडी, वारा, उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की हवामान केंद्राच्या नोंदीवरून भरपाई ठरते, प्रत्येक बागेत कोणी जात नाही. गारपिटीचं तसं नाही, तिथे ७२ तासांच्या आत कळवावं लागतं आणि पाहणी होते. या पाहणीला हंगामापुरती माणसं घेतात, त्यांना शेतीचं शिक्षण लागतं. तुझ्यासाठी ते पोट भरायचं काम नाही. पण गारपिटीनंतर संधी मिळाली तर पाहणीच्या माणसांबरोबर एक दिवस जाऊन ये. आडवी झालेली बाग आणि बांधावर उभा शेतकरी बघितल्यावर ‘नुकसानीचं प्रमाण’ या रकान्यात आकडा भरताना हात जपून चालतो.

आता मला सगळ्यात जास्त कळकळ ज्याची आहे ते. एक दिवस तुला क्लेम नाकारावा लागेल. खोटे क्लेम येतात. जुना मार नवा म्हणून दाखवतात, एकाच बंपरचे फोटो दोन क्लेममध्ये लावतात. ते पकडायचेच, कारण तो पैसा बाकीच्या प्रीमियम भरणाऱ्यांचा आहे. पण नाकारताना पॉलिसीचं कुठलं कलम, कुठला पुरावा, कुठल्या तारखेचा, हे मालकाला वाचून कळेल अशा भाषेत लिही. ‘अटींच्या अधीन राहून’ असलं काही लिहून हात झटकू नकोस. कागद मिळाला नाही म्हणून क्लेम बंद करायची घाई करू नकोस. नुसती कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारायचा नाही, असं इर्डाईने २०२४ मध्ये सांगितलं आहे. सर्व्हेअरने नेमणुकीपासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने त्यानंतर सात दिवसांत निर्णय घ्यायचा, हेही त्याच वर्षी ठरलं. वरिष्ठ म्हणाले, ‘या महिन्यात नकार वाढव,’ तर मान्य करू नकोस. सांगतील तेवढं लेखी माग. लेखी मागितलं की असली तोंडी फर्मानं बहुधा विरतात. आणि ज्याचा क्लेम नाकारला त्याला विमा लोकपालाचा रस्ता सांगायला लाजू नकोस. आपल्या जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी लागत नाही, वकील लागत नाही. तुझा निर्णय बरोबर असेल तर तो तिथेही टिकेल.

घरून काम सुरू झालं की घरातल्यांना समजावणं हे वेगळंच काम होतं. मुलगी घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. पाहुणे आले की चहा, दुपारी काकूंबरोबर बाजार, पापड-कुरडयांच्या दिवसांत तर विचारूच नकोस. पहिल्याच आठवड्यात आईला वेळ लिहून दे आणि त्या वेळात दार लावून घे. दार लावण्याला दुसरंही कारण आहे. तुझ्या स्क्रीनवर लोकांचे आजार, आधार, बँकेचे खाते नंबर असतात. शेजारच्या ओळखीच्या बाईंचं ऑपरेशन तुला क्लेमवरून कळलं, तर ते तुझ्या ओठांवर येता कामा नये, आईजवळसुद्धा नाही. बाकी तयारी साधी आहे: इन्व्हर्टर चांगला घे, कारण मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंशांत लाइट गेली की लॅपटॉपही बसतो आणि माणूसही. ब्रॉडबँडच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेव. पगार स्वतःच्या खात्यात घे आणि ते खातं स्वतःच सांभाळ.

अमेरिकेतल्या कंपन्यांची कामंही पुण्यातून चालतात. पगार बरा असतो, पण रात्रपाळी असते. तिथे अ‍ॅडजस्टरचं लायसन्स प्रत्येक राज्याचं निराळं, त्यामुळे इथून बरेचदा तयारीचं आणि तपासणीचंच काम मिळतं. वाईट नाही, पण मी तुला आधी इथलं लायसन्स घे असंच सांगेन.

आणि फसू नकोस. ‘घरबसल्या विमा क्लेमचं काम, रजिस्ट्रेशनचे पाच हजार भरा, लॅपटॉप पाठवतो’ असे मेसेज जळगाव-धुळ्यात पुष्कळ फिरतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. तुझा खर्च होईल तो परीक्षेच्या आणि सभासदत्वाच्या फीचा, आणि तो थेट संस्थेलाच जाईल.

धुळ्यात लायसन्स असलेले सर्व्हेअर कोण आहेत ते कुठल्याही मोठ्या वर्कशॉपच्या काउंटरवर कळेल. क्लेमच्या गाड्या बघायला ते तिथेच येतात. बाबांना सोबत घेऊन सोमवारी जा, मार्कशीट बरोबर ठेव, ‘बारा महिने शिकायचंय, पडेल ते काम करेन’ एवढंच सांग. पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा. मुलगी आहे म्हणून कोणी टाळलं तर मला त्याच दिवशी कळव. जळगावात दोघांना मी विचारून ठेवलंय, आणि सकाळची गाडी पकडून रोज येण्याजाण्याची सोयही बघू.