अहवालातील विकरे आणि रुग्णाचे ताट

यकृतविकाराचा संशय येताच आपण ‘एलएफटी’ लिहितो आणि आलेल्या आकड्यांवरून निदानाकडे वळतो. रुग्ण काय जेवतो, हा प्रश्न त्या घाईत बहुधा राहून जातो. माझ्याकडून तो राहिला होता. म्हणूनच स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

काही वर्षांपूर्वी वारासिवनीकडील एक विडी वळणारी स्त्री माझ्याकडे आली. वय पस्तिशीचे, तक्रार अंगदुखीची व थकव्याची. अल्कलाईन फॉस्फटेज सामान्य मर्यादेच्या अडीचपट. एसजीपीटी व बिलिरुबिन मात्र ठीक. मी पित्तमार्गातील अडथळा गृहीत धरला. सोनोग्राफी निर्दोष आली, तरी यकृताची औषधे दोन महिने चालू ठेवली. एके दिवशी ती स्टुलावरून हातांच्या आधाराने कशीबशी उठली आणि बदकासारखी डोलत दाराकडे गेली. तेव्हा मला माझी चूक उमगली. गॅमा जीटी तपासले, ते सामान्य होते. म्हणजे वाढलेले विकर यकृतातून नव्हे, अस्थींतून आलेले होते. ड जीवनसत्त्व अत्यल्प निघाले. निदान झाले ऑस्टिओमलेशियाचे.

कारण तिच्या दिनक्रमातच होते. दिवसभर घरात, मांडीवर तेंदूपानांचे सूप; आहारात भात व पातळ वरण, दूध केवळ चहापुरते. ऊन नाही आणि कॅल्शियमही नाही. ड जीवनसत्त्वाच्या अभावी आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते, पॅराथायरॉईड संप्रेरक वाढते आणि अस्थिजनक पेशी अधिक कार्यरत होऊन हे विकर रक्तात सोडतात. पण त्यांनी रचलेल्या अस्थीत क्षार मात्र भरत नाहीत. योग्य उपचारांनी तिच्या वेदना काही आठवड्यांत कमी झाल्या. विकराची पातळी उतरण्यास महिने लागले. आरंभी ती थोडी वाढूही शकते. त्याने गोंधळून औषध थांबवू नये.

याच्या उलट, जस्ताच्या कमतरतेत हेच विकर घटते, कारण जस्त त्याच्या रेणूचाच घटक आहे. कमी आलेल्या आकड्याकडे आपण सहसा पाहतही नाही.

एसजीपीटी व एसजीओटी यांची गोष्ट अधिक फसवी आहे. दोन्ही विकरे ब-६ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या पायरिडॉक्सल फॉस्फेटवाचून काम करू शकत नाहीत, आणि प्रयोगशाळा मोजते ते त्यांचे कामच. आपल्या भागात मोहाची दारू नित्य घेणारा रुग्ण दुर्मीळ नाही. त्याच्या शरीरात ब-६ कमी असते, आणि त्याची झळ एसजीपीटीला अधिक बसते; मद्यजन्य यकृतदाहात एसजीओटी दुपटीहून अधिक दिसण्याचे हे एक कारण होय. त्याचे ‘नॉर्मल’ एसजीपीटी पाहून निश्चिंत होणे धोक्याचे. अनेक किटमध्ये पायरिडॉक्सल फॉस्फेट घातलेले नसते, त्यामुळे आकडा आणखी कमी येतो. आपल्या पॅथॉलॉजिस्ट मित्रांना हे एकदा अवश्य विचारावे. आयसोनियाझिड घेणाऱ्या क्षयरुग्णातही ब-६ घटते. म्हणून पायरिडॉक्सिन जोडून देतो, ते केवळ हातापायांच्या मुंग्यांसाठी नव्हे, असे मला वाटते.

आता भाताविषयी. आपला जिल्हा धानाचा. येथील चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळातून थायमिन कोंड्यासोबत निघून जाते, आणि भाताचे पाणी ओतून दिल्यास उरलेलेही जाते. उसना तांदूळ यात सरस, कारण धान उकडताना थायमिन दाण्याच्या आत शिरते. थायमिनची उणीव ओळखण्याची जुनी रीत विकराचीच आहे: तांबड्या पेशींतील ट्रान्सकिटोलेज मोजायचे, मग नळीत थायमिन पायरोफॉस्फेट घालून पुन्हा मोजायचे. क्रिया पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढली तर उणीव निश्चित. ही तपासणी लहान गावी होत नाही. पाय सुजलेल्या, धाप लागलेल्या मद्यपी रुग्णास मी अहवालाची वाट न पाहता थायमिनचे इंजेक्शन देतो, आणि ग्लुकोजची बाटली त्यानंतर लावतो.

तपासणीच्या चिठ्ठीवर आता मी एक ओळ स्वतः लिहितो: भात अरवा की उसना, दूध किती, मद्य किती, ऊन किती.